कुलूप कोणी लावलं, कागद कुठे आहे? : गुरुजींच्या प्रतिक्रियेला उत्तर

गुरुजी, नमस्कार.

बंद केलेल्या साइट कशा उघडतात, या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हावं अशी नाही, म्हणून वेगळं लिहितो. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दंगलीत नेट बंद करतात ते माणसं वाचावीत म्हणून, अमरावतीत नोव्हेंबर २०२१ ला आणि अकोल्यात मे २०२३ ला हेच झालं, आणि अशा वेळी बंदी चुकवायला शिकवणं म्हणजे "पोट्ट्यांच्या हातात आगपेटी आहेच, तुम्ही वरून रॉकेल देता". हा तुमचा पहिला आक्षेप. दुसरा असा की, गावातली पोरं हे शिकून अभ्यास करणार नाहीत, सट्टा लावतील आणि घाण बघतील. तिसरा तुम्ही प्रश्न म्हणूनच टाकला आहे : सरळ माणसाला लपवायचं काय असतं?

दुसऱ्या आक्षेपात तुमचं बरंच खरं आहे. लेखात चूक माझीच आहे, ती खाली दुरुस्त करतो. पण पहिल्या आक्षेपात दोन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरल्या गेल्या आहेत.

अमरावती-अकोल्याला झालं ते शटडाउन. टॉवर उभा असतो, कॉल लागतो, एसएमएस जातो, पण मोबाइल डेटाच कंपनीकडून थांबवलेला असतो. अशा वेळी व्हीपीएन (आपली वाहतूक झाकून दुसऱ्याच्या यंत्रातून नेणारं साधन), टॉर (तीच तीन टप्प्यांतून नेणारा ब्राउझर), प्रायव्हेट डीएनएस (साइटचा नंबर कंपनीऐवजी दुसऱ्याकडून शोधणारं सेटिंग) यातलं काहीही चालत नाही. ही साधनं रस्ता बांधत नाहीत, असलेल्या रस्त्यावरून ताडपत्री टाकलेली गाडी नेतात. पाणंदच पुरात वाहून गेली तर ताडपत्रीचा काय उपयोग? म्हणजे त्या दोन्ही वेळी माझा लेख तोंडपाठ असलेल्या पोराच्या फोनवरसुद्धा काही उघडलं नसतं. रॉकेलाचा आरोप इथे लागू होत नाही.

शटडाउनबद्दल खरा प्रश्न वेगळा आहे, तो म्हणजे आदेश कोणाचा. कलेक्टरसाहेबांनी फोन केला आणि नेट बंद झालं, असं गावात सर्रास बोललं जातं. नियमात तसं नाही. २०१७ च्या नियमांपासून आदेश केंद्राच्या किंवा राज्याच्या गृह सचिवांचा लागतो. अगदीच अडचण असेल तर आधी नेमून दिलेला वरिष्ठ अधिकारी काढू शकतो, पण तो २४ तासांत गृह सचिवांकडून पक्का व्हावा लागतो. एका आदेशाची मुदत जास्तीत जास्त १५ दिवस. आढावा समितीने तो तपासायचा असतो. काश्मीरच्या नेटबंदीवरच्या अनुराधा भसीन प्रकरणात १० जानेवारी २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने बेमुदत बंदी चालणार नाही आणि आदेश प्रसिद्ध करावे लागतील असं सांगितलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये नवे नियम आले, त्यात कारण, भाग आणि मुदत लिहून आदेश प्रसिद्ध करणं आलं आहे.

तेव्हा पुढच्या वेळी तालुक्यात नेट गेलं तर व्हीपीएन शोधत बसू नका, कागद मागा. राज्याच्या गृह विभागाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, उत्तराची मुदत ३० दिवस. 'इंटरनेट का बंद केलं' असा प्रश्न विचारू नका. 'का' विचारलं की ही माहिती नसून खुलासा आहे म्हणून अर्ज परत येतो. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अमुक जिल्ह्यात दूरसंचार सेवा तात्पुरती बंद ठेवण्याच्या आदेशाची प्रत, तसंच आढावा समितीच्या त्या आदेशावरील निष्कर्षाची प्रत द्यावी, असं लिहा. दंगल थांबवायला दोन दिवस नेट बंद ठेवणं योग्य की अयोग्य यावर आपलं दोघांचं मत वेगळं असू शकतं. पण रेशन दुकानाच्या ई-पॉस मशीनवर अंगठा लागत नाही, कृषी केंद्रात यूपीआय चालत नाही, कपास किसान अ‍ॅपवर सीसीआयच्या कापूस खरेदीची नोंदणी अडकते, ही किंमत सगळा जिल्हा मोजतो. ती मोजणाऱ्याला कागद बघायचा हक्क आहे, एवढं तरी तुम्हाला मान्य व्हावं.

आता दुसरी गोष्ट. नेट सगळं चालू आहे, फक्त एक ठरावीक पत्ता उघडत नाही. माझा लेख या प्रकाराबद्दल होता. हे होतं ते माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली, म्हणजे सरकारला साइट बंद करायचा अधिकार देणाऱ्या कलमाखाली, किंवा कोर्टाच्या आदेशाने. कलम ६९अ ला श्रेया सिंघल निकालात, २४ मार्च २०१५ ला, सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवलं. त्याचं कारण लक्षात ठेवण्यासारखं आहे : आदेशात कारणं लेखी असतात, म्हणून त्याला हायकोर्टात आव्हान देता येतं, असं न्यायालयाने धरलं. पण याच कलमाखालच्या २००९ च्या नियमांतला १६ वा नियम म्हणतो की तक्रारी आणि कारवाई कडक गुप्त ठेवायची. माहिती अधिकारात विचारलं की हाच नियम दाखवतात. कारणं लेखी आहेत, पण कपाटात आहेत. ज्या आदेशाची प्रतच मिळत नाही त्याला आव्हान द्यायचं कशाच्या जोरावर?

व्हीएलसी प्लेअर घ्या. लग्नाच्या व्हिडिओपासून शाळेतल्या प्रोजेक्टरपर्यंत सगळीकडे तोच चालतो. २०२२ मध्ये कित्येक महिने त्या सॉफ्टवेअरची मूळ वेबसाइट भारतात उघडत नव्हती. बनवणाऱ्यांना ना नोटीस, ना कारण. त्यांनी कायदेशीर नोटीस पाठवल्यावर नोव्हेंबरमध्ये बंदी उठली. मधल्या काळात लोकांनी काय केलं असेल? गुगलवर जी पहिली भलती साइट दिसली तिथून उतरवून घेतलं. अशा साइटवर प्लेअरसोबत आणखी काय काय गळ्यात पडतं, हे कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या कोणालाही विचारा. त्या महिन्यांत ज्याने वाट काढून मूळ साइटवरूनच प्लेअर घेतला, त्याने काय वाईट केलं? माझ्या मते तो जास्त जबाबदारीने वागला.

माझी कसोटी एवढीच आहे. बंदीचा आदेश दिसतो का, त्याला मुदत आहे का, ज्याच्यावर घातली त्याला बोलायची संधी मिळाली का. या तिन्हींचं उत्तर नाही असेल तर वाट काढणाऱ्याला मी दोष देत नाही. आणि बाललैंगिक शोषणाचं साहित्य, सट्टा, फसवी कर्ज अ‍ॅपं यांच्या बाबतीत कसोटी लावायची गरजच नाही. तिथे कुलूप काढायला मी मदत करणार नाही, आजवर केलेली नाही.

कायद्याचंही सांगतो. व्हीपीएन किंवा टॉर वापरणं देशभर गुन्हा ठरवणारा कायदा नाही. जिल्हा पातळीवर तसे मनाई आदेश निघू शकतात, जम्मू-काश्मीरमध्ये निघाले आहेत. तुम्ही आत जाऊन काय उघडलं याला मात्र सगळे कायदे लागू राहतात.

काश्मीरवरून आठवलं, शटडाउन आणि एखादीच साइट बंद करणं या दोन्हीच्या मधली एक तऱ्हा असते. ५ ऑगस्ट २०१९ ला तिथलं नेट गेलं. २५ जानेवारी २०२० ला टूजी आलं, पण सरकारने मान्य केलेल्या तीनशेच्या आसपास साइटपुरतंच. यादीबाहेरचं सगळं बंद. तिथे रस्ता होता, म्हणून व्हीपीएन चालले, लोकांनी वापरले, आणि फेब्रुवारीत पोलिसांनी त्यावर गुन्हाही नोंदवला. नैतिक प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहतो तो अशा ठिकाणी. यादीत नसलेलं वर्तमानपत्र वाचणारा आणि अफवा पसरवणारा, दोघे एकाच बोगद्यातून जातात. बोगद्याला त्यांच्यातला फरक कळत नाही, हे मला मान्य आहे. पण त्यावरून वर्तमानपत्र वाचणाऱ्यालाही आरोपी करायचं, हे मला पटत नाही.

मूळ लेखात घाईत उरकलेला भाग आता नीट लिहितो. साइट उघडत नसेल तर आधी ती खरंच बंद केली आहे का ते बघा. दहातल्या बऱ्याच वेळा साइटच पडलेली असते किंवा पत्ता चुकलेला असतो. तोच पत्ता दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या सिमवर उघडा. एकीवर उघडला आणि दुसरीवर नाही, तर अडथळा कंपनीच्या पातळीवर आहे. आपल्याकडे प्रत्येक कंपनी आदेश आपापल्या पद्धतीने राबवते, त्यामुळे असं होतं. मग स्क्रीनवर काय येतं ते वाचा. दूरसंचार विभागाच्या निर्देशानुसार बंद, अशी पाटी आली तर प्रश्नच मिटला. पत्ता सापडत नाही असं आलं तर बहुतेक डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून नंबर शोधण्याच्या वहीत, खाडाखोड केली आहे. कनेक्शन रिसेट झालं असं आलं, तर फोन आणि साइट यांची पहिली रामराम होताना साइटचं नाव उघडं जातं ते वाचून मध्येच जोडणी तोडली आहे.

वहीतल्या खाडाखोडीवर उपाय प्रायव्हेट डीएनएस. अँड्रॉइड ९ पासून तो फोनमध्येच आहे, अ‍ॅप लागत नाही. सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, मग प्रायव्हेट डीएनएस. सॅमसंगवर कनेक्शन्समध्ये मोअर कनेक्शन सेटिंग्ज, रेडमीवर कनेक्शन अँड शेअरिंग. तिसरा पर्याय निवडून नाव भरायचं. लेखाखाली निम्म्या लोकांनी 'सेव्ह होत नाही' असं लिहिलं आहे, कारण त्यांनी तिथे चार एकांचा नंबर (१.१.१.१) टाकला. त्या चौकटीला नंबर चालत नाही, नावच लागतं. वन डॉट वन डॉट वन डॉट वन असं इंग्रजी अक्षरांत (one.one.one.one), किंवा डीएनएस डॉट गूगल (dns.google). पुढे-मागे मोकळी जागा नको. कीबोर्ड आपणहून जागा सोडतो, तीही चूक होते.

यातला मोठा घोळ असा : नाव भरून ठेवलं की फोन हट्टाला पेटतो. ही जोडणी ८५३ क्रमांकाच्या पोर्टवरून, म्हणजे नेटच्या एका ठरावीक दारातून, जाते. ग्रामपंचायतीच्या किंवा कॉलेजच्या वायफायवर ते पोर्ट बंद असेल तर फोन जुन्या वहीकडे परत जात नाही, सगळं नेटच थांबतं. लॉगिनचं पान येणाऱ्या वायफायवरही कधीकधी तेच होतं. लोकांना वाटतं फोन बिघडला. पर्याय परत ऑटोमॅटिकवर आणला की नेट सुरू होतं. आणि कनेक्शन रिसेटवाल्या बंदीला प्रायव्हेट डीएनएसचा उपयोग होत नाही, कारण तिथे वही बरोबरच असते.

मग लोक व्हीपीएनकडे वळतात, आणि तुमची काळजी खरी ठरते ती इथेच. व्हीपीएन म्हणजे अडत्या बदलणं. एका अडत्याच्या काट्यावर भरवसा नाही म्हणून कापसाची गाडी दुसऱ्याकडे वळवली, तर काटा दुसऱ्याचा आला, काटा संपला नाही. आधी तुम्ही कुठल्या साइटवर जाता ते मोबाइल कंपनीला दिसत होतं, आता ते व्हीपीएनवाल्याला दिसतं. फुकटवाल्याचं पोट कशावर चालतं, हा प्रश्न विचारल्याशिवाय ते अ‍ॅप घेऊ नये. फेसबुकच्या मालकीचं ओनाव्हो नावाचं फुकट व्हीपीएन लोकांचं संरक्षण करतो म्हणत त्यांचा अ‍ॅप-वापर गोळा करत होतं. २०१८ मध्ये ते अ‍ॅपलच्या स्टोअरवरून गेलं आणि २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियात त्याबद्दल दोन कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला. एवढी मोठी कंपनी हे करत असेल, तर प्लेस्टोअरवर काल आलेल्या, मालकाचा पत्ता नसलेल्या अ‍ॅपकडून काय अपेक्षा करायची?

आपल्याकडे सर्ट-इनने, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने, २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या निर्देशांनुसार व्हीपीएन देणाऱ्यांनी ग्राहकाचं नाव, पत्ता, संपर्क, दिलेला आयपी (नेटवरचा ओळख-क्रमांक) पाच वर्षं जपून ठेवायचा आहे. बऱ्याच नावाजलेल्या कंपन्यांनी ते नाकारून भारतातली यंत्रं हलवली. तुम्ही म्हणाल, नोंद ठेवायला काय हरकत? गुन्हेगार सापडेल. सापडेलही. पण त्याच वहीत बाकी सगळ्यांचीही नोंद पाच वर्षं पडून राहणार, आणि वह्या फुटतात.

टॉरची रचना या अडचणीवरच बेतलेली आहे. तीन टप्पे असतात. पहिल्याला तुम्ही कोण ते दिसतं, कुठे चाललात ते नाही. शेवटच्याला कुठे ते दिसतं, कोण ते नाही. मधल्याला दोन्ही नाही. एकाच अडत्याच्या हाती सगळा हिशेब लागत नाही. याचं मूळ अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत आहे, हे अनेकांना विचित्र वाटतं. कारण सोपं आहे : फक्त हेर वापरतील अशा रस्त्यावर दिसणारा प्रत्येक जण हेरच ठरतो. गर्दी हवी, म्हणून तो सगळ्यांना खुला केला.

अँड्रॉइडवर टॉर ब्राउझर प्लेस्टोअरवरून किंवा टॉर प्रोजेक्टच्या साइटवरूनच घ्यावा, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली फाइल नको. जोडणी अडकली तर आधी फोनची तारीख-वेळ बघा. घड्याळ चुकलं की टॉर जुळत नाही, आणि जुन्या फोनवर हे हमखास होतं. तरी नाही झालं तर जोडणीच्या सेटिंगमध्ये ब्रिज, म्हणजे जाहीर यादीत नसलेले आत शिरायचे रस्ते, आहेत. ओबीएफएस४ वाहतूक ओळखू येणार नाही अशी करतो, स्नोफ्लेक ती व्हिडिओ कॉलसारखी दाखवतो. ब्रिज नसेल तर तुम्ही टॉर वापरता एवढं कंपनीला दिसतं, त्यातून काय बघता ते नाही.

वेग कमी असतो, व्हिडिओचा नाद सोडा. बँक, यूपीआय, महाडीबीटी, सात-बारा यासाठी टॉर वापरू नका. एका क्षणी जर्मनी, दुसऱ्या क्षणी रोमानिया दिसलं की खातं कुलूपबंद होतं आणि शाखेत चकरा सुरू होतात. स्वतःच्या नावाच्या खात्यात लॉगिन केलं तर तीन टप्पे असोत की तेरा, त्या साइटला तुम्ही कोण ते कळलंच. उतरवलेली फाइल दुसऱ्या अ‍ॅपमध्ये उघडली आणि ती नेटवर गेली, तर ती टॉरबाहेरून जाते. लेखाखाली एकाने घरच्या फायबरवर एक्झिट रिले (टॉरचा शेवटचा टप्पा) चालवू का, असं विचारलं आहे. नको. शेवटच्या टप्प्यावर जगाला तुमच्या घरचा पत्ता दिसतो, कोण्या परक्याने केलेल्या उद्योगासाठी पोलीस तुमच्या दारात येतील. मदतच करायची असेल तर ब्राउझरमध्ये स्नोफ्लेकचं एक्स्टेंशन ठेवा. ते फक्त पहिल्या टप्प्यापर्यंत पोचवतं. पण रोजच्या दीड-दोन जीबीच्या मोबाइल पॅकवर तेही नको.

टॉरवर घाण आहे का? आहे, भयानक आहे. पण तिथे शिरलं की सुटला, हा समज खोटा आहे. सिल्क रोड या टॉरवरच्या अमली पदार्थांच्या बाजाराचा चालक २०१३ मध्ये स्वतःच्याच चुकांनी सापडला. प्लेपेन नावाचा बाललैंगिक शोषणाचा अड्डा एफबीआयने २०१५ मध्ये ताब्यात घेऊन वापरणाऱ्यांच्या कॉम्प्युटरपर्यंत हात पोचवला. आपल्याकडे असं साहित्य नुसतं जवळ ठेवणं किंवा बघणं हाही गुन्हा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ ला स्पष्ट केलं. आणि सट्ट्यासाठी व्हीपीएन लावणाऱ्या पोराला एकच सांगा : तिथे पैसे बुडाले तर तक्रार करायला तोंड उरत नाही. तरीही फसवणूक झालीच तर लाजू नको म्हणावं, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन कर. जितका उशीर तितका पैसा पुढच्या खात्यात सरकतो.

लपवायचं काय, या प्रश्नाला माझं उत्तर थोडं तुमच्याच बाजूला झुकणारं आहे. सावकाराविरुद्ध २०१४ च्या कायद्याखाली तक्रार कुठे करायची, हे शोधणारा शेतकरी. गर्भपाताची कायदेशीर मुदत शोधणारी बाई. एचआयव्हीच्या तपासणीचं केंद्र शोधणारा ट्रक ड्रायव्हर. यांनी पाप काय केलं? पण यांना भीती दिल्लीची नसते. घरातला एकच फोन चार जण वापरतात, त्यांची असते. मोबाइल कंपनीला एचटीटीपीएसमुळे (फोन आणि साइट यांच्यातलं बोलणं कुलूपबंद ठेवणारी पद्धत) साइटचं नाव तेवढं दिसतं, कुठलं पान वाचलं ते नाही. नवऱ्याला मात्र ब्राउझरची हिस्ट्री अख्खी दिसते. तिथे टॉरपेक्षा हिस्ट्री न ठेवणारी इन्कॉग्निटो खिडकी आणि वाचून झाल्यावर ती बंद करण्याची सवय जास्त कामाची. लेखात मी थेट मोठ्या साधनांवर उडी मारली, हे सांगायचं राहिलं.

आता दुरुस्त्या. लेखातली 'फुकट व्हीपीएन'ची यादी मी आज काढून टाकली. प्रायव्हेट डीएनएसच्या पायऱ्या ठेवल्या, पण त्याखाली तुमच्यासाठी एक जोड दिली आहे. त्याच चौकटीत फॅमिली डॉट क्लाउडफ्लेअर-डीएनएस डॉट कॉम हे नाव इंग्रजीत भरलं (मधलं जोडचिन्ह विसरू नका) तर फोनवर अश्लील आणि व्हायरसवाल्या साइट गाळल्या जातात. फुकट आहे, अ‍ॅप नाही. ज्या खिडकीतून पोरगं बाहेर जाईल अशी तुम्हाला भीती वाटते, तिलाच ही जाळी बसते. मर्यादा दोन. गाळणी साइटच्या नावावर चालते, त्यामुळे यूट्यूब, इन्स्टाग्राम, टेलिग्रामच्या आत काय चाललंय ते तिला कळत नाही. आणि ज्याला सेटिंग उघडता येतं त्याला ते बदलताही येतं. क्रोममध्ये वेगळा सिक्युअर डीएनएस निवडता येतो, व्हीपीएन लावलं तरी जाळी चुकते. चौथीच्या पोराच्या टॅबला ती पुरेल, दहावीच्या पोराशी बोलावंच लागेल.

शाळेच्या टॅबवर बसवणार असाल तर आधी एकाच टॅबवर करून शाळेच्या वायफायवर दिवसभर चालवून बघा. ८५३ पोर्टचा घोळ असेल तर पहिल्याच तासाला कळेल. तसं झालं तर टॅब ऑटोमॅटिकवर ठेवा आणि तीच गाळणी राउटरच्या डीएनएसमध्ये घाला. तिथे उलट, नाव नाही, नंबरच लागतो : १.१.१.३ आणि दुसऱ्या रकान्यात १.०.०.३. राउटरचा फोटो काढून इथे टाकलात तर कुठल्या पानावर तो रकाना आहे ते सांगतो. फोटोत खालच्या स्टिकरवरचा पासवर्ड तेवढा झाका.